बूट घालत नाहीत, की घालता येत नाहीत?

संध्याकाळी वस्तीतल्या कुठल्याही गल्लीतून चालत जा आणि उंबऱ्याबाहेर काढून ठेवलेल्या पायताणांकडे पाहा. कोणत्या घरात कोण काय काम करते ते न विचारता कळते. टाचेकडे कागदासारखी पातळ झालेली रबरी स्लीपर धुणीभांडी करणाऱ्या ताईंची. सिमेंटने पांढरे पडलेले कापडी बूट बिगारीकाम करणाऱ्या दादांचे. तळात लोखंडाचा कीस रुतलेली सँडल वर्कशॉपात जाणाऱ्या पोराची. आणि एखाद्या दारात भिंतीला टेकून उभा असलेला काळा गमबूट दिसतो, पण तो नवाच्या नवा. तो कंत्राटदाराने दिलेला असतो. त्या घरातला माणूस कचऱ्याच्या गाडीवर जातो तो मात्र साधी चप्पल घालून.

यावर मुकादमाचे आणि साहेबांचे उत्तर ठरलेले असते. आम्ही देतो हो, हेच लोक घालत नाहीत. हे इतक्या वेळा कानावर पडते की आता आपल्यातली शिकलेली पोरेही आईबापाला तेच ऐकवू लागली आहेत. पण तो नवा गमबूट एकदा हातात घेऊन पाहा. नंबर नऊ, आणि घालणाऱ्याचा पाय सहाचा. आत अस्तर नाही. मे महिन्याच्या उन्हात तासाभरात आत घामाचे पाणी साचते. चिखलात पाय रुतला की पाय वर येतो, बूट खालीच राहतो. असा बूट घालून चालत्या गाडीच्या मागे धावणारा माणूस पडेल. म्हणून तो बूट घालत नाही. याला निष्काळजीपणा कसा म्हणायचा?

आपल्या आज्या-पणज्यांना गावच्या पेठेतून जाताना पायातले काढून हातात घ्यावे लागत असे. ती बंदी गेली. पण ज्या कामांना समाजाने हलके ठरवले, त्या कामांत माणसाच्या पायाचे माप घ्यावे असे अजून कोणाला वाटत नाही. तेव्हा ते माप आपणच घ्यायचे, आपल्या कामाला कोणता बूट लागतो ते आपणच समजून घ्यायचे आणि मग तोच मागायचा. त्यासाठी हा लेख.

पाय बिघडतो कसा

कामावरची इजा म्हटले की अंगठ्यावर पडलेली सळई किंवा तळव्यात घुसलेला खिळा आठवतो. त्या इजा आहेतच. पण पायाचे बरेचसे नुकसान हळूहळू होते आणि म्हणून अंगवळणी पडते. ओल्या पायताणात रोज सहा-सात तास पाय राहिला की बोटांच्या बेचक्यातली कातडी पांढरी पडते, सुटते, आग होते. या चिखल्या. चिखल्या म्हणजे किरकोळ बाब असे समजून आपण थोडे तेल चोळतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पाण्यात उतरतो. खरे तर सुटलेली कातडी ही रोगजंतूंना आत शिरायची मोकळी वाट असते.

पावसाळ्यात तर फारच. उंदीर, कुत्री, गुरे यांच्या लघवीतून पाण्यात मिसळणारे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायावरच्या जखमेतून किंवा भेगेतून शरीरात जातात. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पुरानंतर या आजाराचे नाव घराघरात पोहोचले. जोराचा ताप, डोकेदुखी, पोटऱ्या आणि पाठ दुखणे, डोळे लाल होणे ही त्याची सुरुवात. वेळेवर उपचार झाले नाहीत तर कावीळ होते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. नाल्यात, कचऱ्यात काम करणाऱ्याला ताप आला तर डॉक्टरांना तापाबरोबर कामही सांगा: "मी नालेसफाईला जातो, पायाला जखम आहे." या एका वाक्याने डॉक्टरांचे निदान लवकर होते. साचलेल्या पाण्यातून चालावे लागले असेल, पायाला जखम असेल, तर ताप यायची वाट न पाहता ७२ तासांच्या आत पालिकेच्या किंवा सरकारी दवाखान्यात जा. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टर ठरवून देतात. गरोदर बाई आणि लहान मूल यांच्यासाठी गोळी वेगळी असते, म्हणून शेजाऱ्याच्या गोळ्या घेऊ नका.

धनुर्वाताबद्दल एक गैरसमज घट्ट बसला आहे. खिळा गंजलेला नव्हता, मग इंजेक्शन कशाला, असे लोक म्हणतात. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. चकचकीत खिळा मातीत पडला असेल तर तोही तेवढाच घातक. खोल जखम झाली की धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आधी काम पाहा, मग बूट

दुकानात गेल्यावर बहुतेक जण विचारतात, सगळ्यात मजबूत कोणता? प्रश्नच चुकतो. आपल्या कामात पायाला कुठून धोका आहे हे आधी ठरले पाहिजे. वरून काही पडते का, खालून काही टोचते का, घसरते का, पाणी किंवा रसायन आत जाते का, ठिणग्या उडतात का, विजेचा संबंध आहे का. एकच बूट सगळ्याला पुरत नाही.

रस्ता झाडणाऱ्या ताईंचे उदाहरण घ्या. त्यांच्या पायावर पोलादाची कांब पडायची शक्यता जवळपास नाही. त्यांना दिवसात मैलोन् मैल चालायचे असते. त्यांच्या पायात किलोभर वजनाचे, पुढे लोखंडी टोपी असलेले जोड घातले तर दुपारपर्यंत पोटऱ्या भरून येतील आणि आठवड्यात ते बूट घराच्या कोपऱ्यात जातील. त्यांना हवा हलका, सगळीकडून बंद, न घसरणाऱ्या तळाचा बूट. तळ एवढा जाड की काच आणि टाचणी पायापर्यंत येऊ नये. उघडी सँडल नको, कारण रस्त्यावरची घाण, काचेचा बारीक चुरा बोटांतच जाऊन बसतो.

कचऱ्याच्या गाडीवर चढ-उतार करणाऱ्यांचे काम वेगळे. डबे आदळतात, गाडीच्या मागचा लोखंडी भाग पायावर येऊ शकतो, आणि ओल्या कचऱ्यात काय दडले आहे ते दिसत नाही. इथे पुढे टोपी हवी आणि तळात भेदरोधक पत्राही हवा. कचरा वेचणाऱ्या आया-बहिणींनाही तळात पत्रा हवाच. पण त्यातही एक गोष्ट लक्षात ठेवा. पत्रा दोन प्रकारचा असतो, पोलादी किंवा दाट विणलेल्या कापडाचा. कापडी पत्रा हलका असतो, तळवा कडेपर्यंत झाकतो, पाय वाकतोही बरा. मात्र अगदी बारीक टोकाच्या वस्तूसमोर, म्हणजे इंजेक्शनच्या सुईसमोर, पोलादी पत्रा जास्त भरवशाचा. सुई टोचलीच तर जखम पिळू नका, चोखू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि तडक सरकारी रुग्णालयात जा. एच.आय.व्ही.ची लागण टाळणारी औषधे ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात, आणि जितक्या लवकर तितके चांगले. कावीळ-ब ची लस घेतली आहे का तेही तिथे विचारतात. घेतली नसेल तर या कामातल्या प्रत्येकाने ती आधीच घेऊन ठेवावी.

नालेसफाईला गुडघ्यापर्यंतचा गमबूट लागतो, पण बाजारातला साधा गमबूट म्हणजे नुसता प्लास्टिकचा नळा. पाणी अडते, बाटलीची फुटकी काच अडत नाही. टोपी आणि पत्रा दोन्ही असलेले गमबूट मिळतात, तेच मागा. पाणी बुटाच्या काठाच्या वर असेल तर बूट भरतो, जड होतो आणि माणूस अडकतो, तिथे बुटाचा उपयोग संपला.

गटार किंवा सेप्टिक टँकच्या बाबतीत तर स्पष्ट बोलायला हवे. तिथला माणूस मरतो तो वायूने, आणि वायूला गमबूट अडवत नाही. "बूट-मोजे दिलेत ना, उतर आता" असे कोणी म्हणाले तर उतरू नका. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे गुन्हा आहे. त्या कायद्याच्या नियमांत साधनांची लांब यादी आहे. गमबूट हे त्यातले एक साधन आहे, श्वासाचे उपकरण, हवा सोडणारा ब्लोअर, कमरेचा पट्टा हीही त्याच यादीत आहेत. एकाच्या मागे दुसरा वाचवायला उतरतो आणि दोघेही जातात, हे आपण बातम्यांत वाचत आलो आहोत.

बांधकामावर खालचा धोका मोठा. सेंट्रिंग उघडताना खिळे वर करून फळ्या पसरलेल्या असतात. स्लीपरमधून खिळा सरळ तळव्यात जातो. इथे टोपी आणि पत्रा असलेला, घोट्यापर्यंतचा बूट हवा. स्लॅब टाकण्याच्या दिवशी मात्र तोच चामड्याचा बूट उपयोगाचा नाही, त्या दिवशी गमबूट. कारण ओले सिमेंट नुसते चिकटत नाही, ते क्षारयुक्त असते आणि कातडी जाळते. सुरुवातीला दुखत नाही म्हणून माणूस काम करत राहतो. संध्याकाळी बूट काढतो तेव्हा घोट्यावर, पोटरीवर कातडी गेलेली असते. बुटात काँक्रीट शिरले की "स्लॅब संपू दे" म्हणू नका. ताबडतोब बूट-मोजे काढा, भरपूर स्वच्छ पाण्याने पाय धुवा, दुसरे मोजे घाला.

वेल्डिंग, गॅस कटिंग, ग्राइंडिंग करणाऱ्या पोरांना एवढेच सांगायचे आहे की स्पोर्ट शूज कितीही भारी दिसले तरी त्यांची जाळी ठिणगीने वितळते आणि कातडीला चिकटते. चामड्याचा घोट्यावरचा बूट घाला. पँट बुटात खोचू नका, बुटावरून खाली सोडा. खोचलेल्या पँटीमुळे बुटाचे तोंड उघडे राहते आणि ठिणगी नेमकी तिथे पडते.

वायरमनच्या बाबतीत एक घोटाळा नेहमी होतो. बुटावर "अँटीस्टॅटिक" लिहिलेले असते आणि दुकानदार सांगतो की शॉक लागणार नाही. हे खोटे आहे. अँटीस्टॅटिक बूट अंगावर साचलेली स्थिर वीज जमिनीत जाऊ देण्यासाठी बनवलेला असतो. जिथे ज्वालाग्राही वायू किंवा पावडर असते अशा कारखान्यांत तो लागतो. विजेच्या कामाला विद्युतरोधक बूट वेगळा मिळतो, आणि तोही ओला झाला किंवा त्याच्या तळात खिळा घुसला की बिनकामाचा. खरी सुरक्षा आधी मेन स्विच बंद करून तपासण्यात आहे.

घरकाम करणाऱ्या ताईंचा विचार तर कोणीच करत नाही, कारण त्यांच्या कामाला कोणी कारखाना म्हणत नाही. मालकिणीच्या दारात चप्पल काढायची आणि चार घरांच्या ओल्या, साबणाच्या बाथरूममध्ये अनवाणी उभे राहायचे. टाचांना भेगा, बोटांत चिखल्या, आणि एक दिवस घसरून मनगट मोडते. प्रत्येक घरी आत वापरायची एक धुता येणारी, खाचांच्या तळाची रबरी चप्पल ठेवायला सांगा. त्याचा खर्च एका सणाच्या मिठाईपेक्षा कमी आहे. टॉयलेट धुताना ॲसिड वापरत असाल तर बोटे उघडी ठेवणारी चप्पल नको आणि कापडी बूटही नको. कापड ॲसिड शोषून घेते आणि पायालाच धरून ठेवते.

बुटावरचे शिक्के

संरक्षक बुटांवर आय.एस.आय. चिन्ह असणे २०२० च्या केंद्र सरकारच्या आदेशाने सक्तीचे केले आहे. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली "सीएम/एल" या अक्षरांपुढे परवान्याचा आकडा. "बीआयएस केअर" हे सरकारी ॲप मोबाइलवर घेऊन त्यात तो आकडा टाकला की परवाना कोणाचा, चालू आहे की नाही हे दिसते. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरीला सांगा, दोन मिनिटांत बघून देईल.

मानकाचा क्रमांक १५२९८ असेल तर त्याचा भाग कोणता ते पाहा. भाग २ च्या बुटाची टोपी २०० जूलचा आघात सोसते. म्हणजे २० किलोचे वजन साधारण मीटरभर उंचीवरून बोटांवर पडले तर बोटे वाचावीत, अशी तिची चाचणी असते. भाग ३ ची टोपी त्याच्या निम्मी, १०० जूलची. भाग ४ च्या बुटाला टोपी नसते. झाडूकाम, रुग्णालय, हाउसकीपिंग यांना भाग ४ पुरतो आणि तो हलका असतो. मोठी टोपी मिळाली म्हणजे जास्त फायदा झाला, असे नाही.

यापुढे इंग्रजी एस आणि आकडा असतो. एस-१ म्हणजे बंद टाचेचा, टाचेला धक्का कमी बसेल असा, कोरड्या जागेचा बूट. एस-१ च्या पुढे पी असेल तर तळात पत्रा आहे. एस-२ पाण्याला बऱ्यापैकी रोखतो. एस-३ मध्ये पाण्याला अटकाव, तळात पत्रा आणि खाचांचा तळ, तिन्ही येते. बांधकाम आणि कचऱ्याच्या गाडीसाठी एस-३ हे मनात धरून ठेवा. एस-४ आणि एस-५ हे पूर्ण रबराचे किंवा प्लास्टिकचे बूट, म्हणजे गमबूट. यातला पत्रा असलेला एस-५. नालेसफाईसाठी तोच. तळातला पत्रा साधारण ११० किलोच्या जोराने रोवलेला ठराविक जाडीचा खिळा अडवू शकतो का, हे तपासूनच हा शिक्का मिळतो.

इथे एक फसगत होते. साध्या गमबुटावरही आय.एस.आय. चिन्ह असू शकते आणि ते खरेही असते, पण त्या मानकाचा बूट नुसता पाण्यासाठी असतो. कंत्राटदार चिन्ह दाखवतो आणि आपण गप्प बसतो. चिन्ह पाहिल्यावर पुढचा प्रश्न विचारायचा: यात पत्रा आहे का, आणि तसे बुटावर कुठे लिहिले आहे?

लोखंडी टोपीबद्दल एक भीती कामगारांत फिरत असते, की मोठे वजन पडले तर टोपी वाकून बोटे छाटते. जे वजन अशी टोपी चेपवेल, ते उघड्या पायाचे काय करील याचा विचार करा. टोपी घालाच. मात्र एकदा जोराचा मार बसलेला बूट पुन्हा वापरू नका. बाहेरून चांगला दिसला तरी आतली टोपी वाकलेली असू शकते.

माप घ्यायचे कसे

संध्याकाळी काम संपल्यावर घ्या. दिवसभर उभे राहून पाय थोडा फुगलेला असतो, सकाळच्या मापाचा बूट दुपारी चावतो. जमिनीवर कागद ठेवा, त्यावर पूर्ण वजन देऊन उभे राहा. बसून घेतलेले माप आखूड येते. टाच भिंतीला टेकवा, सर्वांत लांब बोटाच्या पुढे पेन्सिलने खूण करा. ते बोट अंगठाच असेल असे नाही. दोन्ही पायांचे माप घ्या आणि मोठा पाय धरा. हे माप सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवा, कारण एका कंपनीचा सात नंबर दुसऱ्या कंपनीच्या आठसारखा असू शकतो.

दुकानात कामावर घालता तेच मोजे घालून जा. बूट घालून उभे राहिल्यावर बोटांच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. चामड्याचा बूट वापरून सैल होतो हे खरे, पण लोखंडी टोपी आयुष्यात सैल होत नाही. ती पहिल्या दिवशी करंगळीला टेकली तर शेवटपर्यंत टेकणार, आणि तिथे कुरूप होणार. मग उकिडवे बसून पाहा, उतारावरून उतरल्यासारखे चाला. बोटे टोपीवर आदळत असतील तर तो बूट परत द्या. टाच मागे वर-खाली सरकत असेल तरीही.

बायांसाठी हे जास्त अवघड आहे. ठोक खरेदीत सहा ते दहा नंबर येतात, आणि तीन, चार, पाच नंबरच्या पायांना "मोजे जास्त घाला" असे सांगितले जाते. बाईच्या पायाची टाचही बहुधा अरुंद असते, त्यामुळे लांबीला बसलेला पुरुषी बूट मागे सैल राहतो. बायांच्या मापाचे सेफ्टी बूट बनतात, विकतही मिळतात. मागणी गेली नाही म्हणून ते आपल्यापर्यंत येत नाहीत.

स्वस्तात मिळालेला जुना माल

कारखान्यांच्या परिसरात, आठवडी बाजारात वापरलेले किंवा गोदामात पडून राहिलेले सेफ्टी बूट निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. घेऊ नका म्हणणे सोपे आहे. ज्याची दोनशे रुपयांत भागवायची वेळ आहे तो घेणारच. म्हणून निदान काय पाहायचे ते सांगतो.

पुष्कळ सेफ्टी बुटांचा तळ पीयू नावाच्या फेसाळ प्लास्टिकचा असतो. तो हलका आणि पायाला मऊ, पण दमट हवेत नुसता पडून राहिला तरी आतून विरत जातो. मुंबई, ठाणे, कोकण इथल्या हवेत हे लवकर होते. मग कोरा दिसणारा बूट कामाच्या दुसऱ्या दिवशी भाकरीसारखा तुकड्यातुकड्यांनी गळू लागतो. बुटावर किंवा आतल्या पट्टीवर तयार झाल्याचे वर्ष आणि तिमाही किंवा महिना छापलेला असतो. तीन-चार वर्षांपूर्वीचा माल टाळा. तळ दोन्ही हातांनी वाकवून पाहा, अंगठ्याने दाबा, भेगा किंवा भुसा दिसला तर ठेवून द्या. वापरलेल्या बुटाच्या आत हात घालून टोपीच्या कडेवरून बोट फिरवा, कुठे वाकलेली, धारदार लागते का. सुखतळा काढून टाका आणि नवा घाला, कारण जुन्या सुखतळ्यात दुसऱ्याच्या पायाचा ठसा आणि दुसऱ्याच्या पायाची बुरशी दोन्ही असतात.

रोजची निगा

घरी आल्यावर पाय साबणाने धुवा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या फडक्याने पुसा. नुसते धुऊन ओले सोडले तर धुण्याचा उपयोग नाही. मोजे सुती, रोज धुतलेले. पावसाळ्यात डब्याच्या पिशवीत मोज्यांचा एक जास्तीचा जोड ठेवा आणि जेवणाच्या सुट्टीत बदला, एवढ्याने चिखल्या निम्म्यावर येतात असा पुष्कळांचा अनुभव आहे. चामड्याचा ओला बूट चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवला की कडक होऊन तडकतो. आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, वाऱ्याला ठेवा, बोळे एकदा बदला. गमबूट आतूनही धुवा आणि उलटा टांगा.

सकाळी घालण्यापूर्वी बूट झटकायची सवय सगळ्यांनी लावून घ्यावी. मधुमेह असलेल्यांनी तर हात घालूनच पाहावे. त्यांच्या पायाची संवेदना कमी झालेली असते, आतला खडा दिवसभर टोचत राहिला तरी कळत नाही आणि संध्याकाळी जखम दिसते. मधुमेहाच्या माणसाने रोज रात्री आरसा खाली धरून किंवा घरच्यांकडून तळवे पाहून घ्यावेत. कुष्ठरोगामुळे ज्यांच्या पायाला बधिरता आली आहे त्यांच्यासाठी एम.सी.आर. रबराची मऊ पादत्राणे सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमातून मोफत दिली जातात. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, लाजू नका.

वर्षावासात आपण विहारात ग्रंथवाचनाला जमतो, ते महिने नेमके पायांना सर्वांत वाईट असतात. एखाद्या रविवारी वाचनानंतर वस्तीतल्या आशाताईंना किंवा परिचारिकेला बोलावून सगळ्यांचे पाय पाहून घेता येतील. तिथे कागद-पेन्सिल ठेवली तर मापेही त्याच बैठकीत निघतील.

पैसे कोणी द्यायचे

कामासाठी लागणारा सुरक्षा बूट मालकाने द्यायचा असतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहितेत असे कलम आहे की, कामगारांच्या सुरक्षिततेसाठी आणि आरोग्यासाठी पुरवलेल्या कोणत्याही गोष्टीचा खर्च कामगाराकडून घेता येणार नाही. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना ही संहिता लागू होते. म्हणजे पगारातून "बुटाचे कापले" ही पद्धत बेकायदा आहे. पगाराची चिठ्ठी नीट वाचा.

बांधकाम कामगारांनी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करावी. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात किमान ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. नोंदणी झालेल्यांना मंडळाकडून सुरक्षा संच मिळतो, त्यात बूटही असतात. संच घेताना बूट तिथेच घालून पाहा. गटार आणि सेप्टिक टँकचे काम करणाऱ्यांसाठी केंद्राची "नमस्ते" योजना आहे. तिच्यात नोंद झालेल्यांना संरक्षक साधनांचा संच मिळतो, आणि पुढे कचरावेचकांनाही त्या योजनेत घेतले आहे. आपल्या नगरपालिकेत, महापालिकेत जाऊन नाव आहे का ते पाहा.

जिथे कंत्राटदार चुकीचे बूट देतो, तिथे तोंडी कुरकुर करून काही होत नाही. एकट्याने भांडलात तर उद्या कामावर येऊ नको म्हणतील, ही भीतीही खरी आहे. म्हणून अर्ज दहा-पंधरा जणांचा मिळून करा, युनियन असेल तर तिच्या कागदावर. मजकूर छोटा ठेवा. आम्ही अमुक काम करतो. मिळालेल्या बुटात तळाला पत्रा नाही. नंबर चुकीचे आहेत. खाली प्रत्येकाचे नाव, कामाची जागा, पायाचे सेंटिमीटरमधले माप आणि हवा असलेला प्रकार, म्हणजे एस-३, एस-५ किंवा टोपी नसलेला हलका. न बसणारे बूट कोपऱ्यात ठेवू नका, अर्जासोबत परत करा आणि किती जोड परत केले ते अर्जात लिहा. एक प्रत कंत्राटदाराला, एक ज्या कार्यालयाचे काम आहे त्या मुख्य मालकाला. दोन्हीकडून तारीख-शिक्क्यासह पोच घ्या, तिचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो सगळ्यांच्या मोबाइलमध्ये राहू द्या.